टाकीतल्या पाण्याची चव

अहो,

तुम्ही गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. मला सातला म्हसावदच्या शाळेत पोचायचंय. चहा थर्मासमध्ये आहे.

अकराला स्विमिंग पूलवाला येईल. मिठातून क्लोरीन करून पाणी स्वच्छ ठेवणारं मशीन कुठलं बसवायचं ते त्याला आज सांगायचंय : मोबाइलवर आपोआप चालणारं, की हाताने बटण फिरवायचं साधं. रात्री मी तावातावाने बोलले, ते चुकलंच. पण खरं कारण सांगायचं राहून गेलं.

परवा तुम्ही सुरतला होतात. पूलवाल्याने पूलच्या पाण्यात मीठ टाकलं आणि ते मोजायचं मीटर आणायला गाडीकडे गेला. तेवढ्यात अण्णा झोपाळ्यावरून उठले, धोतर खोचून टाकीच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत पूलच्या, पायरीवर उतरले. ऊन कललं होतं, सगळं पाणी पिकल्या पपईच्या रंगाचं झालं होतं. अण्णांनी घोटभर पाणी तोंडात धरलं, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "मीठ कमी शे. आजून एक गोणी टाकनी पडी."

मीटर बघून तो माणूसही तेच म्हणाला, अजून एक गोणी मीठ लागेल.

विहिरीचं पाणी चाखून कुठल्या वावराला सोडायचं ते अण्णाच ठरवायचे. ठिबक तुमच्या मोबाइलवर गेलं, तेव्हापासून ते मळ्यात गेलेले नाहीत, झोपाळ्यावरच बसून असतात.

म्हणून साधंच घ्या. त्याला रोज कुणीतरी चव बघणारं लागेल.

आत्ता निघताना बघितलं, झोपाळा रिकामा आहे. मागच्या ओट्यावर टाकीकडून आलेली ओली पावलं उमटलीत.

चेतना