रणगाड्यावरचं कुंकू

बाबा, तुमचा रणगाडा आता माजिवड्यात माझ्या घरी आहे. डोंबिवलीची आपली इमारत पुनर्विकासाला गेली, आई माझ्याकडे आली, आणि तिच्यामागून टेम्पोतून तिचं शिवणाचं मशीन, विळी आणि तुमचं काचेचं कपाट आलं. रणगाडा मात्र मी कापसात गुंडाळून, लाडवांच्या डब्यात घालून, रिक्षात मांडीवर घेऊन आणला. शिळफाट्याच्या कोंडीत अडकलो तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "मॅडम, डब्यात काय, मिठाई का?" म्हटलं, "रणगाडा." तो अजिबात दचकला नाही. "मग काढा ना बाहेर, ट्रॅफिक तरी हटेल." तुम्ही असतात तर त्याला तोफेचा पल्ला सांगायला बसला असतात, म्हणून बरं झालं नव्हतात.

तुम्ही ठाण्याच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. सैन्याशी तुमचा संबंध शून्य. आयुष्यातली तुमची एकमेव लढाई सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून झाली आणि तीही तुम्ही हरलात. तरी रविवारी सकाळी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून एकाहत्तरच्या युद्धातला सेंच्युरियन रणगाडा एकास पस्तीसच्या प्रमाणात जुळवत बसायचात. का, हे मी कधी विचारलं नाही. लहानपणी वाटायचं, सगळ्यांचेच बाबा रविवारी रणगाडे करतात. एका जुन्या मासिकातला काळापांढरा फोटो तुम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. फोटोत नाही ते रणगाड्यावर नाही, हा नियम. तुमच्या आतेभावाने रणगाड्याच्या सुट्या भागांचं खोकं परदेशातून पाठवलं होतं, त्यात मागच्या बाजूला लावायची एक पेटी होती, फोटोत ती नव्हती, तर तुम्ही ती ठेवून दिलीत आणि तिच्यासाठीची भोकं लांबीने बुजवलीत. पट्ट्यांना लावायला चिखल हवा होता. टिटवाळ्याची माती लाल पडते म्हणून नाकारलीत आणि पठाणकोटला निघालेल्या सहकाऱ्याकडून पुडीभर माती मागवलीत. ती आईच्या चहाच्या गाळणीतून चाळलीत, त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. पुढे तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला आमचे सर प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द, म्हणजे जाणत्याचं सांगणं, ही ज्ञानाची प्रमाणं समजावून सांगत होते, तेव्हा वर्गात मी एकटीच कंटाळलेली होते. माझं ते सगळं गॅलरीत होऊन गेलं होतं.

आणि मग ती खंडेनवमी. तुम्ही झेंडूची फुलं आणायला बाजारात गेला आहात. आईने पाटावर तिची विळी मांडली आहे, शेजारी मशीन, तुमची टी-पट्टी, गुण्ये. ती मला म्हणते, "अगं, घरात खरं शस्त्र एकच आहे, तेच कसं राहिलं?" कपाट उघडून ती रणगाडा काढते. आदल्याच रविवारी तुम्ही त्याला शेवटचा हात दिलेला असतो. हळद, पाण्यात कालवलेलं कुंकू, अक्षता. समोरच्या उतरत्या पत्र्यावर तिच्या अंगठ्याचा रुपयाएवढा ठसा उमटतो, एक ओघळ चाकापर्यंत जातो. तुम्ही पिशवी घेऊन दारात उभे. तुम्ही एवढंच म्हणालात, "अहो, हा रणगाडा आहे, स्कूटर नव्हे." मग तो उचलून आत घेऊन गेलात. तुम्ही आईला 'अहो' म्हणालात की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

काही आठवड्यांनी रणगाडा पुन्हा काचेआड आला, वरच्या खणात, आणि काचेतून बघता समोरचा लाल डाग तसाच होता. चाकाच्या मधल्या खिळ्याचा रंग चुकला म्हणून तुम्ही अख्खं चाक खरवडणारे. पण तो डाग शेवटपर्यंत ठेवलात. आल्यागेल्याने विचारलं तर नुसते हसायचात. आईने त्याचा अर्थ तेव्हाच लावून टाकला होता: मुद्दाम ठेवलाय, मला टोचायला. पुढच्या वर्षीपासून तिने फक्त विळी आणि मशीन पुजलं. कपाटाची धूळ पुसायची वेळ आली की मला हाक मारायची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परवा सामान लावताना तिचं पहिलं वाक्य हेच, "तो माझ्या डोळ्यांसमोर ठेवणार असशील तर आधी तेवढा डाग काढ. त्यांचं त्यांनी टोचून झालंय."

म्हणून मी दुपारी खिडकीपाशी ओला कापूस आणि तुमचं भिंग घेऊन बसले. कापसाला काही लागलं नाही. पुन्हा पुसलं, कापूस पांढराच. मग भिंग जवळ नेलं, बाबा. तो डाग रुपयाएवढा नव्हताच. मुगाच्या दाण्याएवढा होता. आईच्या अंगठ्याचा तो नव्हेच. खऱ्या रणगाड्यावर कुणी पूर्ण पंजा भरून वीतभर कुंकू ओढलं तर ते पस्तीसपट लहान होऊन जसं दिसेल, तसं होतं. खाली चार बोटांचे चार वेगळे ओघळ. कडेला हळदीची बोटं, उन्हाने विटल्यासारखी. आणि त्यावर तीन अक्षता! ब्रशाचे पांढरे केस कापून चिकटवलेल्या. या सगळ्यावरून तुमच्या त्या बिनचमकीच्या वॉर्निशचा एकसारखा थर. खरं कुंकू इथे टिकलंच नसतं; आणि टिकलं असतं तरी त्याचे कण या रणगाड्यावर खडीएवढे दिसले असते, हेही तुमच्या लक्षात आलं असणारच.

मी आईला बोलावलं. चष्म्यावर भिंग धरून तिने पाहिलं.

"झिजून लहान झालं असेल."

"आई, झिजून बोटं फुटतात का? हा रंग आहे. बाबांनी काढलाय."

तिने भिंग खाली केलं. मग म्हणाली, "म्हणजे माझं पुसलंनीतच की!"

मला वाटलं होतं, तिचे डोळे भरून येतील. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. आपण दोघांनी तिला कधी नीट ओळखलंच नाही.

"पुसून पुन्हा काढलं ना पण? तुझ्यासाठीच ना?"

"माझ्यासाठी काढलंनीत तर माणूस तोंडाने सांगतो. समजूत काढायला म्हणून असेल तर मला नको ती. मला एवढंच सांग, खऱ्यावर असतं का असं? मी बरोबर होते की नव्हते?"

प्रेमबिम तिला नको होतं, तिला निकाल हवा होता. मी म्हटलं, सैन्यात दसऱ्याला शस्त्रं पुजतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ती म्हणाली, "सगळ्यांचं सोड. यांच्या ह्या रणगाड्यावर होतं का?" बघा, चाळीस वर्षं तुमच्याशी संसार केल्यावर प्रश्न कसा धारदार होतो.

मग मी कल्याणच्या काकांना फोन लावला, तुमच्याबरोबर रंगांवरून भांडणारे ते तुमचे मित्र. वयोमानाने आवाज बसलाय, मतं बसलेली नाहीत. "तुझा बाप फोटोत नसलेला खिळा लावायचा नाही," ते म्हणाले. "त्याने कुंकू काढलं म्हणजे फोटोत कुंकू आहे. संपलं." मी आनंदात फोन ठेवणार, तोच पुढे म्हणाले, "पण हे बघ, लढाई डिसेंबरातली. दसरा केव्हाच होऊन गेलेला. एवढ्या धुळीत कुंकू राहील कसं? का निघताना पुन्हा लावलं असेल? विचारायला हवं होतं गं त्याला." असा आमचा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष अर्धा तास रंगला आणि सिद्धान्त निघालाच नाही. शब्दप्रमाण मानावं तर तो शब्द तुमचा, आणि तुम्ही तर नुसते हसायचात.

राहिलं प्रत्यक्ष. कपाटाच्या दारावरचा तो फोटो सोडवून मी उन्हात धरला, भिंगाने पाहिला, मोबाइलवर मोठा करून पाहिला. जवान वर बसलेला दिसतो. पट्ट्यांवरचा चिखल दिसतो, तुम्ही लावलात अगदी तिथे तिथे. समोरच्या पत्र्यावर, नेमक्या त्या जागी, काहीतरी गडद आहे. जरा जवळ गेलं की ते विरघळतं.

काल आई कढीला फोडणी देत होती. पाठमोरीच विचारलंन, "काय गं, सापडलं का?"

"सापडलं."

"फोटोत आहे?"

"आहे."

"मग मी बरोबर होते."

"होतीस."

तिने गॅस बारीक केला. "मेलं एवढं तोंडाने सांगायला काय झालं होतं," म्हणाली, आणि हात पुसून बाहेर गेली. बघते तर कपाटापुढे स्टूल ओढून बसली होती, हातात भिंग. कढी मीच उतरवली.

हे पत्र मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवणार आहे. आई तिकडे फिरकत नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही. त्याच उत्तरपत्रिकांत, आधार न देता विधान केलं म्हणून मी मुलांचे गुण कापते. तर बाबा, फोटोत त्या जागी मला फक्त छपाईचे ठिपके दिसले.