काळी चार

उस्ताद, चाचींचा आवाज मी बिघडवला. तुम्ही गेल्याला आता इतकी वर्षं झाली की शेलूबाजारात हे ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही. तरी सांगायचं आहे ते तुम्हालाच.

तुमचं दुकान आठवतं. बाहेर जीपवाले मंगरूळपीर, मंगरूळपीर ओरडताहेत, आत तुम्ही ग्रामोफोनची स्प्रिंग ग्रीसमध्ये बसवताय आणि मी, बाविशीचा घोडा, पेचकस धरून ढिम्म उभा आहे. बौद्धवाड्यातल्या मॅट्रिक झालेल्या बेकाराला काम शिकवायला तुम्हीच घेतलंत. कोपऱ्यात पेटी असायची. जुनी रेकॉर्ड आली की तुमचं ठरलेलं, "पयले पेटी लाव, मंग चाल लाव. मशीन झूठ बोलते रे." भोंग्यात तोंड घालून गायच्या त्या काळात प्रत्येक तबकडी वेगळ्या चालीनं, वेगळ्या वेगानं कापलेली. सगळ्यांना मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे दिले तर गाणाऱ्याचा गळाच बदलतो. चाचींची ती एकच रेकॉर्ड, तुमच्याशी लग्न होण्याआधी गायलेली, आणि साथीला तुम्ही, त्याच पेटीवर. तुम्ही पेटीची काळी चार, त्यांची पट्टी, दाबून धरायचात, मशीनचा स्क्रू हळूहळू फिरवायचात, आणि दोन्ही सूर मिळाले की चाची दुकानात यायच्या. त्या माझ्या जन्माआधीच वारल्या होत्या. मी त्यांना तेवढंच ओळखत होतो.

पुढे मला मुंबईत रेकॉर्ड कंपनीत नोकरी लागली. जुनी गाणी साफ करून एलपीवर काढायचं ठरलं, तेव्हा चाचींची रेकॉर्ड मीच मागायला आलो. ती एका बाजूनं तडकलेली. तुम्ही ती धुतलेल्या लुंगीत गुंडाळून दिलीत. "मरायच्या पयले तिले एकडाव साफ आयकू दे मले," एवढंच म्हणालात.

मी ती रिठ्याच्या पाण्यानं धुतली. टेपवरचे खरखरीचे कण ब्लेडनं कापून काढायला तीन आठवडे घातले. पण टेपवर उतरवतानाच मशीनचा खटका अठ्ठ्याहत्तरवर होता. आवाज चढलाय हे मला पहिल्याच ओळीला कळलं. पेटी शेजारच्या खोलीत होती, मी ती लावून पाहिली नाही. साहेब म्हणाले, "वा, चटपटीत वाटतंय," आणि मी नवा माणूस, मान डोलावली. पुन्हा लावायला म्हणून रेकॉर्ड उचलली, तर तडा आरपार गेला आणि तिचे दोन तुकडे झाले. तेलही गेलं, तूपही गेलं.

एलपी आणि सेलवर चालणारा प्लेअर घेऊन मी भर दुपारी दुकानात आलो. तुम्ही हात धुऊन बसलात, टोपी सारखी केलीत. आवाज सुरू झाला आणि तुमचा हात पेटीवर गेला. काळी चार मिळेना. तुम्ही एक पट्टी वर सरकलात. पांढरी सहावर तो मिळाला. तुम्ही मला शिवी द्याल असं वाटलं, दिली असती तर बरं झालं असतं. तुम्ही प्लेअरजवळ सरकलात आणि फिरत्या तबकडीच्या कडेवर बोट टेकवलंत, तिला थोपवायला. "काहून घाई करून राह्यली?" हे तुम्ही मला म्हणाला नव्हतात. बोटाखाली तबकडी अडखळायची, आवाज डुगडुगत खाली यायचा, क्षणभर चाचींचा व्हायचा, पुन्हा सुटायचा. गाणं संपलं. तुम्ही बोट लुंगीला पुसलंत आणि जेवून जा म्हणालात.

पुढच्या खेपेला बरोबर करून आणतो, असं मी कबूल केलं. पुढच्या खेपेला आलो तो तुमच्या मातीला.

त्यानंतर ते गाणं कॅसेटवर निघालं, आणखी कुठे कुठे निघालं, सगळीकडे तीच पातळ आवाजाची पोर. लोकांना आवडते. मी कुणाला काही बोललो नाही. नोकरीत बढत्या मिळाल्या.

परवा मात्र चाल कमीजास्त करता येणारं मशीन घरी आणलं. तीच एलपी त्यावर चढवली, पेटी लावली, काळी चार धरली, चालीचा काटा हळूहळू खाली घेतला. सूर मिळाला. समोर कुणी जाड, थकलेल्या गळ्याची बाई गात होती. मी बराच वेळ ऐकलं, उस्ताद. ओळख पटेना. मग मी चाल पुन्हा वाढवली.