आत्याबाईंनी न घेतलेलं नाव

आत्याबाई,

काल दुपारी मामांनी, तुमच्या मालकांनी, मला विचारलं, "जाताना ती ओठ हलवत व्हती. माझं नाव घेतलं का गं तिनं?" तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. इतकी वर्षं हा प्रश्न त्यांनी कुठं दाबून ठेवला होता कोण जाणे. आता ते नव्वदीला टेकलेत, कान गेलेत, दिवसभर ओट्यावरच्या खाटेवर बसून उस्मानपुऱ्यातली रहदारी बघतात, आणि काल वरण-भात कालवता कालवता एकदम हे काढलं. तुम्ही गेलात तेव्हा खोलीत आपण तिघंच होतो. तुम्ही काय बोललात ते फक्त मला ऐकू आलं. मामांना मी उत्तर दिलंय. काय दिलं ते सांगते, पण आधी बाकीचं सांगू द्या. तुमच्यासमोर मला कधी सलग बोलता आलं नाही. माझी दोन वाक्यं झाली की तुम्ही "बरं बरं, मास्तरीणबाई" म्हणून पदर खोचून उठायचात.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या स्वयंपाकघराचा एक कायदा होता: सुनेला अर्ध्या शब्दात कळलं पाहिजे. "ते आण." "त्याच्यात ते टाक." मी नवी, डी.एड. झालेली, शाळेत नोकरी लागलेली, आणि तुमच्यासमोर पळी घेऊन उभी की परात घेऊन, हेच मला ठरवता येत नव्हतं. एकदा तुम्ही तव्यावर भाकरी टाकून "ते दे" म्हणालात आणि मी पाण्याचा तांब्या पुढं केला. हवं होतं उलथनं. शेजारीण बसली होती, तिच्यादेखत तुम्ही म्हणालात, "पोरं शिकवती म्हणं ही. हिला कोण शिकवावं?" त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले आणि मनात तुम्हाला नको नको ते बोलले. पण शिकले. दोन-तीन वर्षांत अशी तयार झाले की तुम्ही हात पसरायच्या आत हातात सांडशी. तुमच्या "ते"चा अर्थ त्या घरात माझ्याइतका कोणालाच कळत नसे, आणि मला त्याची घमेंडही होती.

म्हणून तुमचे शब्द खरोखर जायला लागले तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. आधी भांड्यांची नावं गेली, मग भाज्यांची, मग नातवंडांची. तुम्ही "ते" म्हणायचात, मी हातात द्यायची किंवा पुढचा शब्द बोलून टाकायची, आणि घर चालायचं. आपली भांडणंही थांबली. तुमचा मुलगा खूश. "आता लई जमतंय तुम्हा दोघींचं," म्हणाले. मलाही तसंच वाटलं. तुमच्याकडे भांडायला शब्द उरले नव्हते, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेव्हा मला त्या जुन्या भांडणांची इतकी आठवण आली की काय सांगू. कोणीतरी मला "अक्कल गहाण ठेवली का" म्हणावं असं वाटायचं.

दुसरं म्हणजे, न कळणं झाकायची तुम्हाला जन्मभराची सवय होती. शाळेची पायरी तुम्ही चढला नव्हतात, पण ते कोणाला कळू दिलं नाहीत. कोणी कागद पुढं केला की "चष्मा घरी राहिला" म्हणायचात. तुम्हाला चष्मा कधी नव्हताच. स्टँडवर दर वेळी विचारायचात, "फुलंब्रीला हीच जाती का, बाबा?" म्हणून पुढं खरोखर विसरलात तेव्हाही तुम्ही तेच विचारत होता आणि लोक तसंच उत्तर देत होते. मी एकदा पाटी-पेन्सिल आणली होती, सही तरी शिका म्हणून. "निम्म्या गोवऱ्या मसणात गेल्या माझ्या," म्हणालात, "आता सही शिकून काय तहसीलदार व्हायचंय?" आपण दोघी पोट धरून हसलो होतो. मामांनी घर घेतल्यावर दारावर पितळेची पाटी लावली, तीही तुम्ही दर दसऱ्याला चिंचेनं घासून लख्ख करायचात. तिच्यावर काय लिहिलंय हे कधी विचारलं नाही. मालकांचं नाव आहे एवढं माहीत होतं, तेवढं तुम्हाला पुरत होतं.

मला पहिल्यांदा भीती वाटली ती संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला. तुमचा उखाणा गल्लीत सगळ्यांना पाठ. एरवी मामांचं नाव तुम्ही कधी तोंडातून काढत नसायचात, पण वर्षातून एकदा, बायका फार मागं लागल्या की खणखणीत आवाजात घ्यायचात. त्या वर्षीही उभ्या राहिलात. "सुपात घोळले गहू, जात्यात दळलं पीठ," आणि थांबलात. बायका हसायला लागल्या. "लाजली गं बाई! या वयात लाजली!" तुम्ही पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघितलंत. ती नजर मी ओळखत होते. स्वयंपाकघरात हात पसरताना असायची तीच. तुम्ही माझ्याकडे शब्द मागत होता, आणि जगातला तो एकच शब्द मला देता येत नव्हता. सासऱ्याचं नाव सुनेनं कसं घ्यायचं? मी तिळगुळाचं ताट उचलून मधेच घुसले, "घ्या, घ्या," करत सगळ्यांच्या हातावर ठेवत सुटले.

मग मीच हट्ट करून तुम्हाला डॉक्टरांकडे नेलं. हे आणि मामाही बरोबर आले. तरुण होते, स्वभावानं चांगले. "आजी, आज वार कोणता?" विचारलं. तुम्ही म्हणालात, "आमाला काय कळतंय? तुमी शिकल्याली माणसं." डॉक्टर हसले. हे म्हणाले, "आई शाळेत गेलेली नाही." डॉक्टरांनी मान हलवली. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर तुम्ही पेन लाटण्यासारखा मुठीत धरला. तेही सोडून दिलं. शंभरातून सात वजा करा, हे तर विचारलंच नाही. एक-एक प्रश्न तुमचा मान राखून बाजूला होत गेला. शेवटी त्यांनी मामांकडे बोट दाखवून विचारलं, "बरं, यांचं नाव सांगा." तुम्ही पदर पुढं ओढून खाली बघितलंत. मामा नव्या नवरदेवासारखे खुलले. मी म्हणाले, "डॉक्टर, त्यांना आठवत नाहीये." त्यावर मामाच उसळले, "आठवत नाय काय? ती कधीच घेत नसती माझं नाव. रीत हाय आमच्यात." वयोमानानं होतं असं म्हणाले डॉक्टर, ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. परत येताना मामांनी तुम्हाला रसवंतीत उसाचा रस पाजला. माझा ग्लास मी तसाच ठेवला.

त्यानंतर वर्षभरात तुम्ही मामा खोलीत आले की डोक्यावरून पदर घ्यायला लागलात. भिंतीकडे तोंड करून बसायचात. मामा ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची म्हातारी पुन्हा नवी नवरी झाली बघा. मी दिसलो की पदर घेती." एक दिवस गुलमंडीवर जाऊन तुमच्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन आले. जन्मभर चिकलठाण्याच्या कंपनीत मशीन चालवलेला माणूस, बायकोसाठी स्वतः काही आणायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. बांगड्या घेऊन ते उंबऱ्याशी उभे आहेत, तुमचा हात पुढं येत नाहीये. तुम्ही मला जवळ ओढता आणि कानात सांगता, "त्या बाप्याला सांग, मालक घरी नायत. ड्युटीवर गेलेत. आल्यावर या म्हणावं."

मी बाहेर आले. मामा म्हणाले, "काय म्हणती?" मी म्हणाले, "लाजतायत. ठेवा म्हणाल्या." बांगड्या मी तुमच्या हातात चढवल्या. "कुणी आणल्या?" तुम्ही विचारलंत. "मालकांनी." तुमचा चेहरा असा उजळला, आत्याबाई! "आले व्हय?" म्हणालात आणि दाराकडे बघितलंत. दारात मामा उभेच होते. तुम्ही त्यांना ओलांडून मागं, रस्त्याकडे बघत राहिलात. मामांना वाटलं की तुम्ही त्यांच्याकडेच बघून हसलात. ते समाधानानं चपला काढायला वळले.

शेवटी शेवटी तर तुमच्याजवळ "ते"सुद्धा राहिलं नाही. मी दिवसभर बोलायची, तुमचं आणि माझं दोन्ही. गेलात त्या सकाळी मामा दाराजवळच्या खुर्चीत होते आणि मी चमच्यानं तोंडात पाणी घालत होते. तुम्ही डोळे उघडलेत, माझं मनगट धरलंत आणि कित्येक महिन्यांनी, हलक्या आवाजात, एक अख्खं, स्वच्छ वाक्य बोललात. त्यात मला एकही शब्द भरावा लागला नाही. "दार लावून घे, परका माणूस बसलाय." मी दार लावलं नाही. तुमचं न ऐकण्याची ती काही पहिली वेळ नव्हती, पण शेवटची होती. मामा उठून जवळ आले, तुमच्या कपाळावर हात ठेवला, आणि तुम्ही एका परक्या माणसाच्या हाताखाली गेलात. तुम्ही घाबरला होता, हे मी बघितलं. ते मला विसरता येत नाही, आणि हल्ली मी पुष्कळ काही विसरते.

तर काल मामांनी विचारलं. मी म्हणाले, "व्हय मामा, घेतलं." त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून मानही हलवली. त्यांनी पुन्हा ताटात हात घातला. मला वाटलं, सुटले. पण तुमचेच मालक ते. म्हणाले, "नुसतं, का उखाण्यात?" मी म्हणाले, "उखाण्यात." "म्हणून दाखव." मी ते नाव शाळेच्या कागदांवर, रेशनकार्डाच्या अर्जावर कितीदा लिहिलं असेल, पण तोंडातून एकदाही काढलेलं नव्हतं. आणि ऐकू येत नाही म्हणून ते ओरडून म्हणायचं. मी म्हणाले. सूप, गहू, जातं, पीठ, आणि मग मामांचं नाव, "घेते, बायांनो, ऐका नीट." समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली. मामा डोळे मिटून ऐकत होते. "हां," म्हणाले, "तिचाच हाय." आणि राहिलेला भात जेवले. तुमच्या वाटचं नाव मी घेतलं. तुमच्या तोंडी न बोललेलं घातलं. राग आला असेल तर येऊ द्या.

हे मी कोणाला दाखवणार नाही. तुमच्या फोटोमागं ठेवलं तर फोटो हे पुसायला काढतात, आणि पाठवायचं म्हटलं तरी वर पत्ता कोणता घालू? तुम्ही गेलात तेव्हा गाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर लिहितो. मामा अजून जुनंच बोलतात. फाडून टाकीन. पण त्याआधी आज सकाळचं सांगते, कारण ते तुमच्याखेरीज कोणाला कळणार नाही.

सकाळी मामांच्या खोलीत चहा घेऊन गेले तर मामा म्हणाले, "कालचं म्हण की परत." मला हसू आलं. कप खाली ठेवला आणि सुरू केलं. सुपात घोळले गहू, जात्यात दळलं पीठ, आणि पुढं काही नव्हतं. ज्या माणसाच्या घरात इतकी वर्षं राहिले, ज्याचं नाव माझ्या नवऱ्याच्या नावापुढं लागतं, त्याचं नाव माझ्याजवळ नव्हतं. मामा हसले. "लाजती व्हय? घे, घे." मी ओढणी तोंडाला लावली. "दूध उतू जाईल, आले," म्हणाले, चपला घालून दाराबाहेर गेले, पितळेची पाटी वाचली, परत आत आले आणि मोठ्यानं नाव घेतलं. मामा खूश झाले. त्यांना काही कळलं नाही, घरात कोणालाच नाही. तुम्हाला पाटी वाचता येत नव्हती, मला येते. तेवढ्यावर माझं किती दिवस निभावेल, ते मला माहीत नाही.