जीभ वर कर

धाकट्या,

काल तुरुंगात भेटलास, अंगानं भरलेला दिसलास, आणि आनंद व्हायचा सोडून माझ्या पोटात दुखलं.

व्यसन सोडवायची गोळी तिथली नर्स रोज स्वतःसमोर पाण्याबरोबर गिळायला लावते, मग तोंड उघडायला लावून जिभेखाली बघते, म्हणजे कुणी ती लपवून बराकीत विकायला नको. हे सगळं तू किती कौतुकानं सांगत होतास. "ताई म्हणतात, आता झोप लागेल. ताई म्हणतात, काविळीची तपासणी करून घे." ताई म्हणतात, ताई म्हणतात. अरे, हेच मी सांगायचे तेव्हा तू दार आपटून निघून जायचास. गाद्या उसवून पुड्या शोधल्या मी, आणि गुण आला तिच्या हाताला.

बोलता बोलता तुला ठसका लागला. मी पाणी दिलं. ते पिऊन तू सवयीनं तोंड उघडलंस, जीभ वर केलीस आणि तसाच थांबलास. दाराशी उभा शिपाई हसला, तू ओशाळलास. इतकी वर्षं तुझ्या तोंडाचा वास घेत फिरले मी, आणि काल तू आपणहून तोंड उघडलंस तर मान फिरवली. ते माझ्यासाठी उघडलं नव्हतंस ना.

हे पत्र टाकणार नाही. तिथे पत्रं आधी तुरुंगातलेच लोक वाचतात. तिला वाटेल, मी जळते. जळतेच मी.

पुढच्या भेटीत पुन्हा पाणी देईन. तेव्हा तोंड उघड. मी नीट बघेन.

तुझी सख्खी ताई