पालमला पाठवायचा फोटो

२५ जानेवारी १९८७, रविवार

चुडाव्याहून चंद्रभानमामा आले. रुख्मिणीला पालमचं स्थळ आलंय. मुलगा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. त्याचे वडील आबासाहेब म्हणतात, आधी फोटो पाठवा, पसंत पडला तर बघायला येऊ. फोटो आठ तारखेच्या आत पाहिजे. त्या दिवशी ते गंगाखेडची मुलगी बघायला निघणार.

मामा म्हणाले, शिवलिंगअप्पाच्या स्टुडिओत काढून घेतो. मी ताडकन उठलो. पडद्यावरचा धबधबा आणि हातात प्लास्टिकचं फूल! माझ्या मामेबहिणीचा? म्हटलं, मी काढतो. आउटडोअर. नॅचरल लाइट.

आई म्हणाली, दादा, ह्याच्या नादी लागू नको. मामा म्हणाले, काढू दे की, इंग्रजी शाळेत शिकलंय लेकरू. फकस्त उभा फोटो पायजे बन्सी, डोक्यापासून पायापर्यंत. मागच्या खेपेला अर्धा पाठवला तर लोकांनी उठवलं, पोरगी लंगडती म्हणून. ह्या बारीला चुकलं तर मला तोंड दाखवायला जागा न्हाई.

मी हो म्हटलं.

पण माझ्या मॅगझिनमध्ये क्लिअर लिहिलंय: पोर्ट्रेट म्हणजे आयज. बाकी सगळं फर्निचर. हो म्हणणं वेगळं, व्हिजन वेगळं.

रुख्मिणीचे डोळे तसे बरे आहेत. डावा उजव्यापेक्षा किंचित मोठा. हसायच्या आधी उजवा बारीक होतो. हे फक्त टेक्निकल निरीक्षण.

२८ जानेवारी

अप्पांनी जुना रशियन कॅमेरा आणि लांब लेन्स दिली. म्हणाले, घेऊन जा बाबा, पण रोज दुकानात येऊन बसू नको, गिऱ्हाईक बिचकायलेत.

रोल एकच. छत्तीस फ्रेम. रोल न घालता प्रॅक्टिस केली. जेवताना बाबांच्या डोळ्यांवर फोकस केला. बाबा म्हणाले, बी. कॉम.ला दोनदा गचकलास, आता माझा घास मोज.

निश्चय: १) फक्त डोळे. २) शेवटची फ्रेम उभ्या फोटोसाठी. मामांना दिलेला शब्द म्हणजे शब्द. ३) प्रोफेशनल अंतर ठेवायचं.

१ फेब्रुवारी, रविवार. चुडावा

सकाळच्या गाडीनं आलो. मामीनं रुख्मिणीला नवी साडी नेसवून ठेवलेली. निऱ्यांना तासभर लागला म्हणे. मी बोललो नाही, पण निऱ्या माझ्या फ्रेममध्ये नव्हत्याच.

करडई फुललीये. सगळं रान पिवळं-केशरी. रोल ब्लॅक अँड व्हाइट आहे, पण तरी मूड येतो. रुख्मिणीला ऐन करडईच्या मधोमध उभं केलं. बांधावरून मामी ओरडली, चप्पल तरी घालू दे रे. मी म्हटलं, मामी, पाय दिसणार नाहीत. ती चपापली. मी म्हटलं, म्हणजे आत्ता दिसणार नाहीत.

पावणेआठला सुरुवात. पहिल्या दहा फ्रेम डल. ती हसत होती. सांगितलं, हसू नको, तू शून्यात बघतीयेस. ती म्हणाली, शून्य कुटं हाय, तूच उभा हाईस मधे.

मग ऊन चढलं आणि काम जमायला लागलं. दीड मीटरवर गेलो. तिला काहीतरी सांगायचं होतं, दोनदा-तीनदा तोंड उघडलं. मी म्हटलं, होल्ड दॅट. बाविसाव्या फ्रेमला तिच्या डोळ्यांत एकदम असं काही उतरलं की माझाच श्वास थांबला. वेदना, राग, पाणी, सगळं एकत्र. असं एक्स्प्रेशन शिकवून येत नाही. डायरेक्शनमुळे येतं.

छत्तिसावी उभ्यासाठी ठेवली होती. पण तेवढ्यात तिच्या पापणीवर करडईची एक पाकळी येऊन टेकली. कोण सोडेल?

साडेदहाला पॅकअप. ती लंगडत घराकडे गेली. नाटकी आहे जरा.

४ फेब्रुवारी

काल नामांतराचा मोर्चा होता, बाजार बंद, स्टुडिओ बंद. आठ तारखेला चारच दिवस.

आज अप्पांच्या डार्करूममध्ये रोल धुतला. निगेटिव्ह उजेडाला धरली. बावीस नंबर शार्प! भुवया, दोन डोळे, नाकाचा शेंडा ब्लर. म्हटलं, दहा बाय बारा काढा. अप्पा म्हणाले, अरे स्थळाला पोस्टकार्डाएवढा पाठवत्यात. मी ऐकलं नाही. एक-एक पापणी मोजता येते.

अप्पा प्रिंटकडं लय वेळ बघत बसले. मग म्हणाले, बन्सीधर, पोरगी कुठं हाय ह्यात?

६ फेब्रुवारी

मामा फोटो न्यायला आले. मी पाकीट आधीच डिंकानं चिकटवून ठेवलेलं. धूळ बसू नये म्हणून. मामा म्हणाले, बघू तरी दे. मी म्हटलं, उघडलं तर फोटो उडतो. मामांनी पाकीट छातीशी धरलं आणि स्वतः पालमची एसटी पकडली.

खोटं बोललो नाही. क्वालिटी उडतेच.

८ फेब्रुवारी, रविवार

पालमहून निरोप नाही. आज आबासाहेब गंगाखेडला निघाले असतील का? निघाले असतील तर मामांचं कठीण. नसतील तर... माहीत नाही, ते पण काही बरं वाटत नाही. जेवण गेलं नाही. एसटी स्टँडवर पाच चकरा. पालमची गाडी आली की उतरणाऱ्यांची तोंडं बघतो. फोटोबद्दल कोणी बोलत नव्हतं.

९ फेब्रुवारी

मामा आले. पाकीट टेबलावर टाकलं. पाणीसुद्धा घेतलं नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. आबासाहेबांनी फोटो उभा धरला, आडवा धरला, पाकिटात उरलेलं काही आहे का ते झटकून पाहिलं. मुलाची आई नर्मदाबाई म्हणाल्या, अवो पावणे, एवढंच? पोरीला नाक-तोंड हाय का न्हाई? मग शेजारच्या सोनाराकडून भिंग आणवलं. बाईनं भिंगातून डावा डोळा पाहिला, उजवा पाहिला, आणि म्हणाल्या, ह्यात माणूस हाय.

मी होतो. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांत, कोपरं वर करून, तोंडाला कॅमेरा लावून. एवढा शार्पनेस!

मामांनी भोळेपणानं सांगितलं, त्यो आमच्या बहिणीचा बन्सी. झालं. आमच्याकडं मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क. नर्मदाबाई म्हणाल्या, आतेभाऊ? एवढ्या जवळून? रानात? मग घरचं सोडून आमच्याकडं कशापाई आलाव? उद्या पोरगी आतेभावालाच दिलीव तर आमच्या लेकानं कुठं जायचं?

मामा मान खाली घालून परत आले. पोरीचं नाव तालुक्यात झालं, म्हणाले. आई पदर तोंडाला लावून बसली.

मी विचारलं, प्रिंटच्या ग्रेनबद्दल काही बोलले का ते? बाबांनी मला बाहेर जायला सांगितलं.

११ फेब्रुवारी

आई-मामांचं ठरलं. बोभाटा झालाच आहे तर रुख्मिणी बन्सीलाच देऊन टाकू, म्हणजे लोकांची तोंडं बंद. बाबा म्हणाले, पोरीनं काय पाप केलं? पण विरोध केला नाही.

मी विरोध केला. कडक. एक पूर्ण वाक्य बोललो. मग मामांच्या चेहऱ्याकडे बघून माघार घेतली. घराण्याच्या इज्जतीसाठी माणसाला करिअरमध्ये ॲडजस्टमेंट करावी लागते.

दोनदा दाढी केली. काही कारण नाही.

प्लॅन: न्हाणीघराची डार्करूम. ती रिफ्लेक्टर धरेल. सकाळी चहाच्या वेळी तिच्या डोळ्यांवर ईस्टचा लाइट येतो, आमच्या खिडकीतून. हे मला आधीपासून माहीत होतं, पण टेक्निकल अर्थानं.

१३ फेब्रुवारी. चुडावा

रुख्मिणीला विचारायला सगळे गेलो. हे नुसतं फॉर्मॅलिटी म्हणून. मी कॅमेरा नेला होता.

तिनं सगळ्यांपुढं सांगितलं. आवाज न चढवता. म्हणाली, करडईचे काटे टोचायलेत म्हणून मी तीन डाव सांगितलं. ह्यो म्हणला, होल्ड दॅट. दोन दिवस आईकडून सुईनं काटे काढून घेतले मी. तीन तास माझ्या डोळ्यांत बघत व्हता आत्याबाई, आन ह्याला मी रडायलेय हे दिसलं न्हाई. असला नवरा नगं मला.

मामी आत गेली. मी म्हटलं, पण फ्रेम बावीस... आईनं माझा शर्ट ओढला.

मग ती म्हणाली, बाबा, मला अप्पाच्या स्टुडिओत न्या. पालमला मी स्वतः सांगते त्यो कोण हाय आन कोण न्हाई.

विचार केला तर ती भावनेच्या भरात होती. परतीच्या गाडीत आईला तसं सांगितलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

उभा फोटो गेला. धबधबा, प्लास्टिकचं फूल, चप्पल. फ्लॅट लाइट. अप्पांचं क्लिक नेमकं पापणी लवताना झालं, डोळे अर्धे मिटलेले. मी म्हटलं, रिटेक घ्या. अप्पा म्हणाले, कशाला, पाय आलेत की.

कळलं की मामा तिला घेऊन पालमला गेले, ती नर्मदाबाईंशी अर्धा तास बोलली, आणि बाई म्हणाल्या, पोरगी सरळ हाय, बोलायला भीत न्हाई. पसंती. गंगाखेड कॅन्सल.

मी खूश आहे. मामांचं काम झालं. जेवण जात नाही, उन्हामुळे असेल.

१९ एप्रिल, रविवार

लग्न पुढच्या आठवड्यात. फोटोंची ऑर्डर अप्पांना. त्यांना लाइट धरायला माणूस पाहिजे. मी आधी नाही म्हटलं. मग प्रोफेशनली विचार करून हो म्हटलं.

अप्पांनी समजावून सांगितलं: बल्ब डोक्याच्या वर धरायचा, अक्षता पडेपर्यंत खाली आणायचा नाही. आणि नवरीकडं बघायचं न्हाई बन्सीधर, लाइट हलतो.

मी म्हटलं, माझा हात हलत नसतो. सवय व्हावी म्हणून आज घरी मोठी टॉर्च भिंतीवर धरली आणि तिथं ती उभी आहे असं समजून पाहिलं.

हलतो.