रिकामं सोडलेलं वर्ष

बुधवार, ३ जानेवारी १९७९
दुरुस्ती. परवा लिहिलं, माझ्या प्रोग्रॅमने कारखान्याचे ऊसनोंदीचे सगळे फॉर्म बिनचूक घेतले. बिनचूक नव्हे; एकही परत न पाठवता घेतले. अब्बांनी शाळेआधी घरीच शिकवलं, त्यात चूक लपवणं बसत नव्हतं. बाकी काम उत्तम. पूर्वी फॉर्ममध्ये कोरी जागा दिसली की कॉम्प्युटर नुसतं 'चूक' छापायचा. शेतकऱ्याला हेलपाटा. आता लागणीचं वर्ष रिकामं असेल तर माझा प्रोग्रॅम नोंदीचं वर्ष, म्हणजे ७८, स्वतः भरतो. मदत म्हणजे हीच.

गुरुवार, ४ जानेवारी
धोंडुबाई आल्या. मुलगा फौजेत, ऊस त्याच बघतात. तोडणीच्या यादीत नाव नाही. मी दाखवलं: लागण जुलै ७८, तोड पुढच्या हंगामात.
"सा म्हैन्यात तुरं येत्यात व्हय गं पोरी? आडसाली हाय त्यो. गेल्याच्या आदल्या बेंदराच्या सणाला लावलाय. दीड वरीस झालं, आता वाळाय लागलाय."
म्हटलं, मग वर्ष का लिहिलं नाही?
"आडसाली लिवलंय की! म्हंजी दीड सालाचा. त्यात साल काय सांगायचं?"
अपवाद असेल.

शुक्रवार, ५ जानेवारी
अपवाद एकशे त्रेचाळीस आहेत. शेती अधिकारी लालासाहेबांना मी आजच सांगणार होते. ते दारातच म्हणाले, "कॉम्प्युटरची यादी म्हणून औंदा एक भांडण न्हाई. लय झाक काम केलंस." इतक्या आनंदात सांगणं बरं दिसलं नाही. आधी प्रोग्रॅम सुधारावा. दुरुस्तीसकट सांगितलं की चूक वाटत नाही.

सोमवार, ८ जानेवारी
आता वर्ष रिकामं असेल तर फॉर्म संदेशासह परत जाईल. 'वर्ष लिहा' उद्धट वाटलं. 'कृपया लागणीचे वर्ष लिहावे' ओळीत बसवलं. छपाई इंग्रजी अक्षरांतच होते. शेती खात्याचे कारकून कोंडीबा यांनी मोठ्याने वाचलं नि विचारलं, "बाई, ह्यो मंतर कुणाच्या अंगात आल्यावर म्हणायचा?"
त्यांना सवय नाही.

बुधवार, १० जानेवारी
'कृपया' की 'मेहेरबानीने'? दिवस गेला. धोंडुबाई पुन्हा येऊन गेल्या. मी मशीनरूममध्ये होते. बाहेर येता आलं असतं.

गुरुवार, ११ जानेवारी, संध्याकाळ
संदेश तयार. चाचणीसाठी धोंडुबाईंचाच फॉर्म घातला. सुंदर परत आला. तोच पोस्टाने त्यांना पाठवला.
कोंडीबा म्हणाले, धोंडुबाईंच्या गावातली तोडणीची टोळी उद्या दुपारी हलणार. "पुन्यांदा त्या अंगाला यायची न्हाई. काय सांगायचं आसंल तर सायबास्नी आत्ताच सांगा."
लालासाहेब समोर बसलेच होते. पण घाईत अर्धवट सांगणं माझ्या स्वभावात नाही. एकशे त्रेचाळीस नावं सुवाच्य उतरवून काढायला हवीत.
सोमवार, १५ जानेवारी, सकाळी दहाला साहेबांना सांगेन. नक्की.