गोमाजी केणी यांच्या बायकोचे घर

मी, श्रीमती मनुबाई गोमाजी केणी, वय अडुसष्ट, धंदा मासळीविक्री, राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवत आहे. धाक घालून पाहणारे होते. त्यांचे नाव योग्य ठिकाणी येईल. माझ्या वकील नीरजाताई यांनी नौपाड्यातल्या ऑफिसात कायद्याचे शब्द घातले. "मावशी, बाकीचं गाळूया का?" असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. घर कोणाला ते सांगायचे, तर का तेही सांगायला हवे.

१. घर. खाडीच्या बाजूचे माझे राहते घर, ओटी आणि मागच्या पडवीसह, माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. शेजारचा भाग धाकटे दीर काळुराम यांचा. मधली भिंत सामाईक.

लग्नानंतर बरीच वर्षे आम्हांला मूल झाले नाही. सासूबाई आणि काळुराम यांनी माझ्या पतींसाठी दुसरी मुलगी बघितली आणि आम्हांला न विचारता एका रविवारी तिच्या आईबापाला घरी बोलावले. मी आत चहा गाळत होते. तेवढ्यात आमचे हे आले. अंगात लग्नातला कोट, डोळ्यांवर गॉगल, गालांना हळद. कोपरपासून दिव्यापर्यंत एकही हळद त्यांच्या नाचाशिवाय होत नसे, म्हणून पाहुण्यांना वाटले, नवरा खुशीत आहे. मागोमाग त्यांच्या मित्रांची बँजो पार्टी ओटीवर चढली. यांनी मला हाताला धरून बाहेर नेले, सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "नवरी हीच हाय. पयली पन हीच, दुसरी पन हीच. आता आयलाव तं जेवून जावा."

मुलीचा बाप ताडकन उठून गेला. मुलीची आई मात्र जेवायला बसली.

त्यानंतर लवकरच यांनी कल्याणला जाऊन आपल्या वाटणीचे हे घर नोंदणीकृत बक्षीसपत्राने मला दिले. म्हणाले, "ज्या घरातून तुला काढायला निघालेले, तेच घर तुजं." म्हणून त्यांच्या दहाव्याला काळुराम यांनी चार लोकांत "वहिनीच्या मागे घर माज्या हितेशचंच" असे जाहीर केले, त्याला कायद्याने काही अर्थ नाही. मी तेव्हा गप्प बसले, ते पिंडाला कावळा शिवायचा होता म्हणून.

हे घर मी माझी पुतणी प्राप्ती हिला देत आहे. ती काळुराम यांचीच मुलगी. तिला दिवा गावात लग्न करून दिली होती. नवरा मारायचा. सुजलेला हात घेऊन ती बापाच्या दारात आली, तेव्हा काळुराम म्हणाले, "नांदायला दिलेली पोर अशी परत येत नाय. जा." तिची आई तुळसा त्यांच्या मागे उभी होती. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. आम्ही आमच्या ओटीवर जेवत होतो. यांनी पोरीचा हात पाहिला आणि हाक मारली, "प्राप्ती, बांगड्याचं कालवण हाय. ये, काकीनं ताट वाढलंय." ती जेवली आणि राहिली. काळुराम भांडायला आले तर हे म्हणाले, "तुजा दरवाजा तू लाव. माजा उघडा हाय."

त्या दिवसापासून आजतागायत तिचा बाप तिच्याशी बोललेला नाही.

२. टेम्पो. खाडीत मासळी मिळेनाशी झाल्यावर यांनी घेतलेला टेम्पो प्राप्तीला द्यावा. चालवते तीच. मोठागावच्या रेतीबंदरावर यांनी तिला शिकवले. पहिल्याच दिवशी तिने एक कुंपण पाडले, तर हे खाली उतरून टाळ्या वाजवू लागले. यांची मूत्रपिंडे निकामी झाल्यावर डायलिसिसला तीच त्यांना न्यायची. हे पुढच्या सीटवर बसून रस्ताभर ओळखीच्यांना हात करायचे. "काकांना दवाखान्यात नेतेय का लग्नाला, कळत नाही," असे ती म्हणायची. शेवटच्या फेरीत त्यांनी हात केला नाही. माझा हात तेवढा धरून ठेवला.

३. गॉगल आणि मोठा स्पीकर पुतण्या हितेश याला. काकांनी त्याला खाडीत पोहायला शिकवले, खांद्यावर बसवून जत्रा दाखवली. आता तो ठाण्याला ऑफिसात असतो आणि हळदीला कोपऱ्यात उभा राहून मोबाईलवर शूटिंग करतो. घर नाही मिळाले म्हणून रुसू नकोस, बाळा. नाच.

४. बँकेतली शिल्लक माझ्या अंत्ययात्रेला लावावी, उरेल ती प्राप्तीची. अग्नी प्राप्ती देईल. बँजो लावावा. हे गेले तेव्हा बायका कुंकू पुसायला आल्या. मी त्यांचा हात धरला. आजही लावते. मला नेतानाही लावून न्यावे.

५. काळुराम यांना काही नाही. ते कोर्टात गेले तर माझी प्रकृती ठीक असल्याचा डॉ. हेमा कर्णिक यांचा दाखला सोबत आहे. मात्र या ओटीवर चहाला यायला त्यांना कधीही मनाई नाही. दारात उभे राहून मुलीला तिच्या नावाने हाक मारावी लागेल, एवढेच.

६. अंमलबजावणी नीरजाताईंनी करावी.

साक्षीसाठी गल्लीतले एक गृहस्थ येणार होते. काळुराम यांनी त्यांना दम देऊन अडवले. सकाळपासून आम्ही खोळंबलो. दुपारी तुळसा आली, एकटी, रिक्षाने. नीरजाताईंनी तिला बजावले, "तुमच्या घरी यावरून त्रास होईल." ती म्हणाली, "तवा दारात गप रायले. आता नाय. सही कुटं करू?"

वरील मजकूर वाचून, समजून, आम्ही एकमेकींसमोर सह्या केल्या.

लिहून देणार: मनुबाई गोमाजी केणी

साक्षीदार: डॉ. हेमा कर्णिक, डोंबिवली पश्चिम

साक्षीदार: तुळसा काळुराम केणी, प्राप्तीची आई

ठिकाण: नौपाडा, ठाणे
दिनांक: १७ जानेवारी २०२५